प्रवेश फुकट, फक्त नाव जुळलं पाहिजे

पोकरच्या त्या ॲपवर रोज दुपारी तीनला एक स्पर्धा लागायची. प्रवेश फुकट. तिला फ्रीरोल म्हणतात, पण मी आपली तिला ‘तीनची’ म्हणायचे, तीनची बस म्हणावं तशी. अकोल्यात भावाच्या घरी त्या वेळी वहिनी आडवी झालेली असायची, भाऊ कामावर, मुलं शाळेत, आणि कूलरच्या घरघरीत माझी कोणाला आठवण नसायची. मी गच्चीच्या जिन्यावर सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसायचे. तिथे नेटवर्क चांगलं यायचं. ऊन मात्र असं, की फोन तापून मधेच बंद पडायचा आणि मी त्याला ओढणीने वारा घालत बसायचे.

हे सगळं एका खोलीसाठी चाललं होतं. माझी सात वर्षांची मुलगी अमरावतीला नवऱ्याजवळ होती आणि मी इकडे भावाकडे. नवऱ्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. हात चांगला होता त्याचा, वरूडकडचे बागाईतदार पंप घेऊन त्याच्याकडे यायचे. मग त्याच्या फोनवर रमी आली. आधी गल्ला गेला, मग दुकानातली तांब्याची तार गेली, मग दुकानच गेलं. मी भांडले, रडले, त्याचा फोन पिठाच्या डब्यात लपवला. एके दिवशी मुलीच्या शाळेसाठी ठेवलेले पैसे गेले आणि मी घर सोडलं. मुलीला घेऊन निघाले तर तो दारात आडवा आला.

“तुले जायचं तर जाय. पण पोट्टी तुह्या भावाच्या घरी कोपऱ्यात झोपणार नाही. सोताची खोली कर, मंग घेऊन जाय. मी नाही म्हणणार नाही.”

मला संताप आला तो याचाच, की तो बोलला ते खरं होतं. भावाकडे दोन खोल्या आणि त्यात त्यांचं चौघांचं बिऱ्हाड. मी स्वयंपाकघरात पाय मुडपून झोपायचे. तिथे अजून एक अंथरूण पडणं शक्य नव्हतं.

खोली मी बघून ठेवली होती. जुन्या वस्तीत एक खाला एकट्या राहायच्या, ब्लाउज शिवायच्या, त्यांच्या घरामागची. एक खिडकी, एक नळ, भिंतीला हिरवा रंग. खाला म्हणाल्या होत्या, “अकेली औरत को इधर कोई घर नहीं देता, मेरे को मालूम है बेटा. मैं देती. पन डिपॉझिट के बिना नहीं देती.” सकाळी मी एका क्लासच्या ऑफिसात फोन उचलायचे. पगार वहिनीच्या हातावर किराण्यासाठी ठेवला की जे उरायचं ते रविवारी अमरावतीला जाऊन यायला, तेही एसटीत बायकांना अर्धं तिकीट म्हणून. डिपॉझिट त्यातून जमायला मुलीचं लग्न उजाडलं असतं.

पत्ते मला लहानपणापासून येत होते. वडील रविवारी रमी मांडायचे, पैशांची नाही, चिंचोक्यांची, आणि मी त्यांना हरवायचे. पोकर मी त्या ॲपवरच्या खोट्या पैशांच्या टेबलांवर बघून बघून शिकले. अवघड काही नाही. हातात दोन पत्ते, मधे सगळ्यांचे मिळून पाच. फ्रीरोलमध्ये सगळ्यांना सारखेच चिप्स, म्हणजे डावावर लावायच्या चकत्या, मिळतात, संपले की बाहेर, आणि शेवटी उरतील त्या थोड्यांना बक्षीस.

हजारो लोक बसायचे. आणि सगळे वेड्यासारखे खेळायचे, कारण खिशातलं काही जात नव्हतं. पहिल्याच डावात दुर्री-सत्तीवर सगळे चिप्स लोटून द्यायचे. दहा मिनिटांत अर्धे गारद. त्यांच्यासाठी ते फुकट होतं. माझ्यासाठी तो हिरवा रंग होता, ती खिडकी होती, म्हणून मी डाव सोडत बसायचे. सोडायचं, सोडायचं, सोडायचं. एक्का-राजा आला तरी समोर कोण कसं खेळतं आहे ते बघायचं आणि मगच हात घालायचा. तास-दोन तास असं बसलं की शेवटच्या शंभरात नंबर लागायचा. बक्षीस काय? कधी चाळीस रुपये, कधी नव्वद. कधी पैसे नाहीतच, नुसते ॲपचे गुण. तरी मी ते ॲपमध्येच साठू देत होते. बाहेर काढले तर भाजीत जातील, ही भीती होती.

एका दुपारी वहिनीला जाग आली आणि ती जिन्यात येऊन उभी राहिली. माझ्या फोनवरचे पत्ते तिला लांबूनही ओळखू आले. आमच्या घरात पत्ते म्हणजे काय, हे तिने दोन वर्षं ऐकलं होतं.

“अवो ताई, तुमीबी तेच करून राहिल्या?”

“मी एक पैसा लावत नाही वहिनी. हे फुकट आहे.”

“त्यायनंबी पयले फुकटच सुरू केलं असन न?”

मी खूप बोलले तिला. आवाज चढवून, हात नाचवून. फरक समजावला, फ्रीरोल म्हणजे काय ते सांगितलं, पैसे भरायच्या पानावर मी एकदाही बोट लावलेलं नाही हे दाखवलं. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, “दिवाळीपर्यंत पाहा काय ते. आमच्या पोरीची दहावी आहे, तिले अभ्यासाले जागा नाही.” मग ती खाली गेली आणि चहा टाकला. मलाही दिला. चांगलीच आहे ती, हेच अवघड होतं.

मग श्रावणात तीनच्या स्पर्धेत मला पैशांऐवजी तिकीट लागलं. रविवारी संध्याकाळी जी मोठी स्पर्धा असते, जिथे लोक भरपूर पैसे भरून बसतात, तिथे मला फुकट बसता येणार होतं. रविवार माझा मुलीचा. मी ठरवलं, मुलगी सोडायची नाही. दिवसभर तिच्याजवळ राहिले, तिची वेणी घातली, बागेत नेलं, आणि संध्याकाळी परतीच्या एसटीत बसले तेव्हा स्पर्धा सुरू होऊन गेली होती. बडनेऱ्याला खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी एक आजीबाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांना वाटलं, कोणी गेलं-बिलं.

“काय झालं वं माय?”

“काही नाही आजी. परीक्षा आहे.”

मूर्तिजापूरच्या अलीकडे नेटवर्क जातं, हे त्या रस्त्याने फिरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तिथेच माझ्या हातात दोन राजे आले. आयुष्यात इतके चांगले पत्ते मी कधी बघितले नव्हते. बोट लावणार तर पडद्यावर गोल गोल फिरायला लागलं. मी फोन खिडकीबाहेर धरला, कपाळाला लावला, शिव्या दिल्या. आजीबाईंनी देवाचं नाव घेतलं. पाच-सात मिनिटांनी नेटवर्क आलं तेव्हा माझे राजे कधीच सुटून गेले होते, आणि मागचा डाव उघडून बघितला तर त्यात दोन तगडे गडी एकमेकांना भिडले होते, एकाकडे दोन एक्के होते. मी त्यात असते तर तिथेच संपले असते. मला हसू आलं, मग रडू आलं. अकोला स्टँडवर उतरून मी तिथल्याच बाकावर बसले आणि शेवटपर्यंत खेळले. दुसरा नंबर आला.

कर वजा जाता जे उरत होतं त्यात खालांचं डिपॉझिट निघत होतं, मुलीची फी निघत होती आणि एक गादी येत होती. मी तिथल्या तिथे हिशेब केला. घरी जाऊन वहिनीला उठवून सांगितलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी खालांना शब्द दिला आणि त्यांनी खोलीची किल्ली मला हातात धरून बघू दिली, परत घेतली.

मग मी पैसे काढायला गेले.

ॲपने पॅन कार्ड मागितलं, दिलं. बँक खातं मागितलं, दिलं. लाल अक्षरात आलं, नाव जुळत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मदतीच्या क्रमांकावर एक मुलगी भेटली, कुठली कोण जाणे, फार गोड बोलायची.

“मॅम, पॅन किसी और का है और बैंक अकाउंट किसी और का.”

“दोन्ही माझेच आहेत. दोनो मेरे है.”

“लेकिन मॅम, ये तो दो अलग औरतें हैं. फर्स्ट नेम भी अलग है.”

आता तिला काय सांगायचं? की आमच्याकडे लग्नाच्या दिवशी परातीत तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो? आडनाव आणि मधलं नाव तर बदलतंच, पण माझं पहिलं नावही त्या दिवशी बदललं. आत्याने उखाणा घेतला, बायका हसल्या, पेढे वाटले. लग्नाआधी मी अकोल्यात एका पतसंस्थेत नोकरी केली होती, पॅन तेव्हाचं, वडिलांनी ठेवलेल्या नावाचं. बँक खातं, आधार, सगळं लग्नानंतरचं, तांदळातल्या नावाचं. आठ वर्षं या दोघींची कधी गाठच पडली नव्हती. मी हे सगळं त्या मुलीला मोडक्या हिंदीत सांगितलं. ती म्हणाली, “बहुत स्वीट है मॅम. मॅरेज सर्टिफिकेट अपलोड कर दीजिए, जिसमें दोनों नाम हों.”

लग्नाची नोंदणी आम्ही केलीच नव्हती. लग्न झालं होतं, हजार माणूस जेवलं होतं, आमच्यात कोणाला दाखल्याची गरज वाटली नव्हती. आता नोंदणी करायची तर महापालिकेत नवरा-बायको दोघांनी जोडीने हजर राहायला हवं. ज्याच्यापासून सुटायचं, त्याच्याशीच लग्न झाल्याचा कागद आधी करून घ्यायचा. मी आठवडाभर त्याला फोन लावायची हिंमत करत होते आणि त्या आठवड्यात सरकारने पैशांचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले.

दोन वर्षं मी देवाला हेच मागत होते. त्याची रमी बंद होऊ दे, ही सगळी ॲपं जळू देत. आता झाली बंद. भावाने बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि माझ्याकडे बघितलं, त्याला वाटलं मी खूश होईन. मी ॲप उघडलं. ॲपचा निरोप आला होता की खेळ थांबले आहेत, ज्यांची रक्कम शिल्लक आहे त्यांनी महिनाअखेरपर्यंत काढून घ्यावी, नंतर जबाबदारी आमची नाही.

मी नवऱ्याला फोन केला. सगळं खरं सांगितलं, पैशांचंही. तो म्हणाला, “तू जिंकली? पत्त्यात?” त्याच्या आवाजात राग नव्हता, कौतुक होतं, आणि ते मला रागापेक्षा वाईट वाटलं. “करून देतो,” म्हणाला. “फॉर्म मी भरून ठेवतो, तू येऊन सही कर.” शब्दाला जागला तो. महापालिकेबाहेरच्या एजंटाकडे बसून त्याने फॉर्म भरला, आमची लग्नपत्रिका शोधून जोडली, साक्षीदार गोळा केले.

त्या दिवशी मी अमरावतीला महापालिकेत पोचले तर तो इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता आणि मुलीला शाळा बुडवून आणलं होतं. तिला दिवाळीचा फ्रॉक घातला होता. ती धावत आली आणि माझ्या कमरेला बिलगली.

“आई, आज तुमचं लग्न आहे न? बाबा म्हणे लग्न पक्कं करायचं आहे.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो दुसरीकडे बघायला लागला. काय सांगून ठेवलं होतं त्याने तिला, आणि स्वतःला काय सांगितलं होतं, देव जाणे. खिडकीत बसलेल्या बाईंनी आम्हा दोघांना जवळ उभं करून फोटो काढला, “थोडं हसा न ताई,” म्हणाल्या. मुलगी माझा हात सोडायला तयार नव्हती. तिला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने मी त्या दाखवतील तिथे तिथे सह्या केल्या. बाहेर आल्यावर तिने विचारलं, आता तू घरी येणार न, आणि मी म्हणाले, थोड्या दिवसांनी तूच माझ्याकडे येशील, आपली खोली हिरवी आहे. तिला खोलीचं काही कौतुक वाटलं नाही. ती चालत राहिली.

दाखला महिना संपता संपता हातात आला. नवऱ्याने त्याचा फोटो पाठवला. मी जिन्यावर बसून उघडला. त्यावर वराचं नाव बरोबर होतं. वधूचं लग्नानंतरचं नाव बरोबर होतं. आणि लग्नापूर्वीचं नाव, जिथे पॅनवरचं नाव पाहिजे होतं, तिथे माझं घरातलं हाक मारायचं नाव लिहिलेलं होतं, भाऊ अजून मारतो ते, बाळपणी आईने लाडाने पाडलेलं.

मी नवऱ्याला फोन लावून किंचाळले. वहिनी खालून धावत आली.

“तुमाले माहं नाव माहीत नाही? आठ वर्षं संसार केला तुमी माह्यासंगं!”

“अवं, तुह्या घरचे सारे तुले त्याच नावानं बोलावत. पत्रिकेतबी तेच छापलं व्हतं. मले वाटलं तेच हाये. मले कोनं सांगितलं दुसरं हाये म्हणून?”

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. पाहायला आले तेव्हा भावाने मला त्याच नावाने हाक मारली होती, पत्रिका माझ्याच घरच्यांनी छापली होती, आणि शाळेतलं, पॅनवरचं नाव त्याला कधी लागलंच नव्हतं, कारण त्याने दुसरं दिलं. माझा राग कोणावर काढायचा हेच मला कळेना. मी दाखला तसाच पाठवला. गोड बोलणाऱ्या मुलीऐवजी एक लिखित उत्तर आलं, की तिन्ही नावं वेगळी असल्याने विनंती नामंजूर. महापालिकेत दुरुस्तीचा अर्ज केला, तिथे सांगितलं, शाळेचा दाखला आणा, प्रतिज्ञापत्र आणा, वेळ लागेल. महिना संपला. मी लिहीत राहिले, क्रमांक फिरवत राहिले, मग तो क्रमांकच लागेनासा झाला. एके दिवशी ॲप उघडलं तर नुसतं पांढरं पान. तो आकडा बघून मी रोज झोपायचे, तोही गेला.

खालांनी डिपॉझिटसाठी दिलेल्या मुदतीपेक्षा दोन आठवडे जास्त थांबून खोली नर्सिंगच्या दोन मुलींना दिली. त्यांना मी दोष देत नाही.

नवरात्र उठल्यावर मुलीला ताप आला. फोनवर तिने मला ‘कधी नेशील’ असं विचारलं नाही. ‘कधी येशील’ असं विचारलं. मी म्हणाले, उद्या येते. वहिनीने डबा करून दिला आणि दारात मला घट्ट धरलं, आणि तिच्या अंगात जो हलकेपणा आला तो मला जाणवला. मी तिच्यावर रागावले नाही. माझ्यात कशावर रागवायची शक्तीच नव्हती.

आता मी अमरावतीला आहे. मुलगी रात्री माझ्या कुशीत झोपते, तिची वेणी मी घालते, एवढं मिळालं. नवरा दुसऱ्याच्या दुकानात वाइंडिंग करतो, वेळेवर येतो, आवाज चढवत नाही. पहिले काही दिवस मला वाटलंही, की रमी गेली, माणूस परत आला. मग एका संध्याकाळी मी कणीक मळत होते तेव्हा तो ओट्याजवळ येऊन उभा राहिला.

“ऐकून राहिली का? बाहेरच्या देशातलं एक ॲप निघालं म्हणे, इथल्या कायद्यात येत नाही. दुकानातला एक जण खेळून राहिला. तू खेळ. तुले जमते. खातं माह्या नावानं काढू, मंग नावाची झंझटच नाही.”

“प्रवेश फुकट आहे?” मी विचारलं.

माझ्या तोंडून हे कसं निघालं, मला माहीत नाही. हात कणकेत होते.

“फुकट नाही,” तो म्हणाला. “पण तू हरत कुठं?”

त्या दिवशी मी नाही म्हणाले. रोज संध्याकाळी तो विचारतो, रागाने नाही, प्रेमाने विचारतो. अजून तरी मी नाही म्हणते आहे.